दगडाने चूळ भरणारा माणूस

तुमच्या हातून कधी असं झालंय का? बोलण्याच्या ओघात काहीतरी उलटंच बोलून जाता, समोरचा लगेच पकडतो, आणि 'सॉरी, चुकलं' म्हणायच्या ऐवजी ते उलटंच कसं बरोबर आहे हे तुम्ही पटवायला लागता?

माझ्या हातून झालंय. अगदी गेल्याच महिन्यात. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या बातमीत मी पहिला आणि दुसरा नंबर उलटे लिहिले. डेस्कवरच्या सीनियर ताईंनी विचारलं, हे काय गं? मी जराही न अडखळता ठोकून दिलं, की नावं अकारविल्हे दिली आहेत. ताईंनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता नावं फिरवली आणि पान पुढे पाठवलं.

त्याच रविवारी आमच्या जपानीच्या क्लासमध्ये सेन्सेईंनी फळ्यावर चार कांजी काढल्या. पुण्यात राहत असाल, तर तुमच्या ओळखीत एक तरी जण जपानी शिकत असणारच. त्याला विचारा, परीक्षेच्या वरच्या पायऱ्यांवर सगळ्यात जास्त कोण छळतं? उत्तर येईल, योजिजुकुगो. म्हणजे चार कांजींचे वाक्प्रचार. काही सोपे असतात. इस्सेकी-निचो म्हणजे एक दगड, दोन पक्षी. हा आपल्याला आईच्या भाषेतूनच पाठ असतो. पण काहींमध्ये चारही अक्षरं ओळखीची निघतात आणि अर्थ मात्र काडीचा कळत नाही.

फळ्यावरची अक्षरं होती: चूळ, दगड, उशी, प्रवाह. उच्चार, सोसेकी-चिनऱ्यू. शब्दशः अर्थ, दगडाने चूळ भरायची आणि वाहत्या पाण्याची उशी करायची. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. सेन्सेई हसत म्हणाल्या, ह्याला मराठीत फार छान शब्द आहेत. पडलो तरी नाक वर!

मला एकदम ते अकारविल्हे आठवलं. कान गरम झाले. पण खरी गंमत पुढे होती. ह्या वाक्प्रचाराचा पहिला अर्धा भाग म्हणजे जपानच्या सगळ्यात लाडक्या लेखकाचं नाव आहे. कुणी चिडवायला ठेवलेलं नाही, त्याने स्वतः निवडलेलं. नात्सुमे सोसेकी.

ॲनिमे किंवा जपानी रील्स बघत असाल, तर त्यांच्या नावावर खपणारी एक गोष्ट तुमच्यापर्यंत नक्की आली असेल. इंग्रजीच्या तासाला एका विद्यार्थ्याने आय लव्ह यूचं सरळसोट भाषांतर केलं, आणि सोसेकी सरांनी त्याला सांगितलं की जपानी माणूस असं बोलत नाही, चंद्र सुंदर दिसतोय एवढंच म्हण. गोष्ट गोड आहे. पण सोसेकींच्या लिखाणात ती कुठेच सापडत नाही. त्यामुळे ती तूर्त बाजूला ठेवू या. त्यांनी खरोखर आयुष्यभर वागवलेला वाक्प्रचार त्यांच्या नावातच आहे, आणि तो कळायचा तर त्यांचं आयुष्य बघावं लागतं.

चूक झाली, पण मान्य कोण करणार?

आधी मूळ किस्सा. तो चीनचा आहे, तिसऱ्या शतकातला. सुन चू नावाचा एक हुशार तरुण होता. त्याला जगाचा कंटाळा आला होता. डोंगरात जाऊन विरक्तासारखं राहायचं त्याच्या मनात होतं. अशा जगण्याचं वर्णन करायची तेव्हा एक ठरलेली पद्धत होती: दगडाची उशी करायची आणि झऱ्याच्या पाण्याने चूळ भरायची. मित्र वांग जी याला हे ऐटीत सांगताना सुन चूची जीभ घसरली आणि शब्दांची अदलाबदल झाली. दगडाने चूळ भरीन, पाण्याची उशी करीन, असं तो बोलून गेला.

मित्राने लगेच पकडलं. पाण्याची उशी? आणि दगडाने चूळ? सुन चू हार मानणारा नव्हता. त्याने जागच्या जागी खुलासा केला. पाण्याची उशी कशाला, तर कान धुवायला. दगडाने चूळ कशाला, तर दात घासून लख्ख करायला! ह्यातल्या कान धुण्याला जुना संदर्भ आहे. एका साधूला राजाने राज्य देऊ केलं, तेव्हा असलं ऐकून कान विटाळले म्हणून त्याने ते नदीवर जाऊन धुतले, अशी चीनमध्ये दंतकथा आहे. म्हणजे पठ्ठ्याने चूक झाकता झाकता आपलं वाचनही दाखवून घेतलं.

पाचव्या शतकातल्या एका चिनी किस्सेसंग्रहात हा प्रसंग आला आणि पुढे जपानमध्ये जाऊन तो वाक्प्रचार झाला. चूक कबूल न करता हेका चालवणाऱ्या माणसासाठी तो वापरतात. जपानी शिकणाऱ्यांना पहिल्या काही महिन्यांतच भेटणारा एक शब्द आहे, सासुगा. वा, तुझ्याकडून हेच अपेक्षित होतं, अशा कौतुकाने तो म्हणतात. कांजीत तो लिहिताना प्रवाह आणि दगड ही दोन अक्षरं वापरतात, आणि ती ह्याच किस्स्यातून आली असं सांगितलं जातं. म्हणजे हेकेखोरपणा आणि शाब्बासकी, दोन्ही एकाच दगडातून निघालेत. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कुणालाच नको असलेलं बाळ

9 फेब्रुवारी 1867. टोकियोचं नाव तेव्हा एदो होतं. तिथल्या नात्सुमे कुटुंबात शेंडेफळ जन्माला आलं. वडील पन्नाशीचे, आई चाळिशी ओलांडलेली. घरात आधीच पोरंबाळं होती आणि ह्या वयात मूल झालं ह्याचा आईवडिलांना आनंदापेक्षा संकोचच जास्त. त्यात पंचांगाप्रमाणे दिवस असा होता, की त्या दिवशी जन्मलेलं मूल मोठेपणी दरोडेखोर होतं अशी समजूत. त्यावर उतारा म्हणून नावात सोन्याचं अक्षर घालायचं. म्हणून नाव ठेवलं किन्नोसुके.

बाळाला लगेच दुसऱ्या घरी सांभाळायला दिलं. ते कुटुंब जुन्या वस्तू विकायचं. रात्रीच्या बाजारात दुकान मांडलं की तिथल्या सामानातच एका टोपलीत बाळ ठेवलेलं असायचं. एका रात्री मोठ्या बहिणीने ते पाहिलं. तिला कळवळा आला आणि तिने त्याला उचलून घरी आणलं. वडिलांनी तिलाच रागावलं. पुढे शिओबारा नावाच्या जोडप्याला मूलबाळ नव्हतं, त्यांना तो दत्तक गेला. त्यांनी लाड केले, पण तुझे आईबाबा कोण, हे पुन्हा पुन्हा वदवून घेत. देवी आल्या, चेहऱ्यावर कायमचे वण राहिले. मग त्या नवराबायकोचं फाटलं आणि नऊ वर्षांचा किन्नोसुके परत जन्मघरी आला.

परत आल्यावर तो आईवडिलांना आजीआजोबा समजत होता. घरातल्या कुणी ते दुरुस्तही केलं नाही. एका रात्री अंधारात घरातल्या मोलकरणीने त्याच्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, की हे तुझे खरे आईबाबा आहेत. पुढे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ही आठवण लिहिली. त्या रात्री आनंद झाला होता, पण तो खरं कळल्याचा नव्हता, कुणीतरी आपल्याशी मायेने वागलं ह्याचा होता, असं त्यांनी नोंदवलंय. तिचं नाव मात्र त्यांना आठवत नव्हतं, आणि चेहराही.

कागदोपत्री तो शिओबाराच राहिला होता. 1888 मध्ये, मोठे दोन भाऊ क्षयाने गेल्यावर, वडिलांनी 240 येन मोजून त्याचं नाव परत नात्सुमे करून घेतलं. एकवीस वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या आडनावाचा असा व्यवहार झालेला. स्वतःचं नाव स्वतः ठेवावं असं अशा माणसाला वाटलं, तर त्यात नवल ते काय?

नाव घेतलं, तेही चुकीचं

किन्नोसुकेला जुन्या चिनी ग्रंथांचं वेड होतं. पण काळ बदलला होता, इंग्रजीशिवाय पुढे शिकता येत नव्हतं. थोरल्या भावाने साहित्य हा पोटापाण्याचा धंदा नव्हे असं बजावलं होतंच. (हे तुमच्याही घरी ऐकलं असेल.) मग त्याने आर्किटेक्ट व्हायचं ठरवलं. तेव्हा योनेयामा नावाच्या एका मित्राने त्याला समजावलं, की लंडनच्या सेंट पॉलसारखी इमारत काही आपल्या देशात तुझ्या हातून उभी राहायची नाही, पण लिहून ठेवलेलं शेकडो वर्षं टिकू शकतं. मित्रांचं ऐकून करिअर बदलणारी मंडळी तेव्हाही होती तर!

ह्याच सुमारास वर्गात त्याला मासाओका शिकी भेटला. वय सारखंच, दोघंही 1867 चे. शिकी बेसबॉलवेडा, बडबड्या, पुढे जपानी हायकूला नवं वळण देणारा. गोष्टी सांगण्याचे रंगमंचीय कार्यक्रम बघायची दोघांना आवड, त्यावरून मैत्री जमली. मे 1889 मध्ये शिकीने आपलं हस्तलिखित मित्रांमध्ये फिरवलं आणि प्रत्येकाला अभिप्राय लिहायला लावला. किन्नोसुकेने चिनी शैलीत झकास अभिप्राय लिहिला. खाली खरं नाव टाकायची लाज वाटली, म्हणून सोसेकी अशी सही ठोकली. हे नाव शिकीच्याही टोपणनावांच्या लांबलचक यादीत होतं. बावीस वर्षांचा मुलगा, आणि जगाला सांगतोय काय, तर मी हेकेखोर आहे, मी चूक मान्य करत नाही.

आता पुढची गोष्ट ऐका. काही दिवसांनी त्याला आठवलं, की सहीतलं पहिलंच अक्षर आपण बहुतेक चुकीचं लिहिलंय. चूळ ह्या अर्थाच्या त्या अक्षरात डावीकडे पाण्याचं चिन्ह हवं, तिथे त्याने तोंडाचं चिन्ह काढलं होतं. सुन चू असता तर चूळ तोंडातच भरतात असं म्हणून मोकळा झाला असता. ह्याने काय केलं? शिकीला पत्र लिहिलं, की माझं अक्षर चुकलंय असं वाटतं, कृपा करून तेवढं दुरुस्त करून घे.

चूक कबूल न करणाऱ्याचं नाव घेतलं, आणि पहिलं काम केलं ते चूक कबूल करायचं. मला तर ही गोष्ट वाचल्यावर हा माणूस एकदम जवळचा वाटायला लागला.

सर झाले

1893 मध्ये सोसेकी टोकियोच्या शाही विद्यापीठातून इंग्रजी साहित्य घेऊन बाहेर पडले. आता ते सर झाले, तेव्हा आपणही अहो-जाहो करू. 1895 मध्ये त्यांनी अचानक राजधानी सोडली आणि शिकोकू बेटावरच्या मात्सुयामात शाळेत शिकवायला गेले. पगार महिना 80 येन, हेडमास्तरांपेक्षाही जास्त! मात्सुयामा हे शिकीचं गाव. शिकी तेव्हा पत्रकार होता. युद्धाच्या वार्तांकनाला चीनला गेला आणि परतताना बोटीवर रक्ताच्या उलट्या झाल्या. क्षय. तो गावी आला आणि 52 दिवस सोसेकींच्याच बिऱ्हाडी राहिला. खाली शिकीचा हायकूचा अड्डा, वर सोसेकींची अभ्यासाची खोली. रोज गलका. शेवटी सोसेकीही खाली येऊन हायकू करायला लागले.

त्यानंतर कुमामोतोत नोकरी, 1896 मध्ये क्योको यांच्याशी लग्न, आणि 1900 मध्ये सरकारी हुकूम: इंग्लंडला जा, इंग्रजीचा अभ्यास करा.

लंडनमधला एकटा माणूस

28 ऑक्टोबर 1900 ला सोसेकी लंडनला पोहोचले. वर्षाला 1800 येनांची स्कॉलरशिप होती. घरापासून दूर, महागड्या शहरात शिकायला गेलेल्या कुणालाही विचारा, हिशोब जुळत नाही म्हणजे काय असतं. त्यांनी खोल्या बदलल्या, खर्च कापला, दुपारी बिस्किटांवर भागवलं आणि उरलेले सगळे पैसे पुस्तकांत घातले. विद्यापीठातली लेक्चर्स सोडून दिली. शेक्सपिअरचे अभ्यासक विल्यम क्रेग यांच्याकडे खासगी शिकवणी लावली, वर्षभराने तीही सोडली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्यांना पोखरणारा प्रश्न भाषेचा होता. एखादी इंग्रजी कविता इंग्रज समीक्षकाला थोर वाटते आणि मला वाटत नाही, तर चूक कोणाची? आजवर आपण इंग्रजांची मतं पाठ करून आपली म्हणून मिरवत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी ठरवलं, की मला जे वाटतं तिथून सुरुवात करायची. त्यासाठी साहित्य म्हणजे काय हेच मुळापासून शोधायचं. मानसशास्त्र, समाजशास्त्र वाचायचं, टिपणं काढायची. जपानी भाषेत त्यांनी ह्या भूमिकेला नाव दिलं जिको-होन्इ. स्वतःला पाया मानणं. एका अर्थी हा सोसेकी-चिनऱ्यूचाच सख्खा भाऊ, पण चांगल्या वळणाचा.

ह्याची किंमत मोठी होती. एकटेपणाने त्यांचं मन कोलमडलं. नात्सुमेंना वेड लागलंय अशी बातमी टोकियोपर्यंत गेली. जरा बाहेर पडा, सायकल शिका, असा आग्रह झाला आणि त्यांनी लंडनच्या रस्त्यांवर धडपडत सायकल शिकली. नंतर त्या फजितीवर धमाल लेखही लिहिला.

तिकडे टोकियोत शिकी अंथरुणाला खिळला होता. क्षय पाठीच्या कण्यात गेला होता. सोसेकींनी लंडनहून पाठवलेली गमतीदार पत्रं त्याने आपल्या होतोतोगिसु मासिकात छापली होती. पुन्हा एक तसं पत्र पाठव, अशी त्याने नोव्हेंबर 1901 मध्ये विनवणी केली. सोसेकी अभ्यासात बुडालेले. आज लिहू, उद्या लिहू. पत्र राहून गेलं. 19 सप्टेंबर 1902 ला शिकी गेला, वय 34. बातमी लंडनला पोहोचायला आठवडे लागले.

ह्या चुकीवर काही खुलासा करता आला असता. काम होतं, मन आजारी होतं, सगळं खरंच होतं. सोसेकींनी नंतर एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही गोष्ट स्वतःहून सांगितली आणि स्वतःला सूट दिली नाही. कुणाला मेसेज करायचा राहिला असेल, तर हा लेख इथे थांबवून आधी तो करा. मी थांबते.

मांजराच्या डोळ्यांतून

जानेवारी 1903 मध्ये ते परतले. टोकियोच्या विद्यापीठात त्यांना जी जागा मिळाली, ती लाफ्कादिओ हर्न ह्यांची होती. हर्न म्हणजे विद्यार्थ्यांचे जीव की प्राण. त्यांच्या जागी आलेले हे रुक्ष, काटेकोर सर पोरांना मुळीच आवडले नाहीत. घरी तब्येत, पैसा, चिडचिड.

1904 मध्ये घरात एक काळसर मांजर शिरलं. हाकललं तरी परत यायचं. त्याच वर्षाच्या शेवटी मित्र ताकाहामा क्योशी म्हणाला, काहीतरी लिही, बरं वाटेल. सोसेकींनी मांजराला बोलतं केलं. त्या बिननावाच्या मांजराच्या नजरेतून त्यांनी एक मास्तर रंगवला. पोट बिघडलेला, आळशी, चिडका, आपलंच खरं करणारा. म्हणजे कोण, ते सांगायला नकोच. जानेवारी 1905 मध्ये होतोतोगिसुत, शिकीच्याच मासिकात, ते छापून आलं. एकाच अंकापुरतं लिहिलेलं प्रकरण वाचकांच्या आग्रहाने अकरा भागांपर्यंत गेलं. त्याचं नाव 'मी एक मांजर आहे'. 1906 मध्ये मात्सुयामाच्या दिवसांवर बेतलेली 'बोच्चान' आली. अडतिसाव्या वर्षी लिहायला लागलेला माणूस दोन वर्षांत घराघरात पोहोचला. (ते मांजर 1908 मध्ये गेलं, तेव्हा सोसेकींनी विद्यार्थ्यांना रीतसर दुःखद निधनाची पत्रं पाठवली.)

विद्यापीठ सोडून पेपरात

आता माझा आवडता भाग. 1907 मध्ये, प्राध्यापकपद समोर दिसत असताना, सोसेकींनी विद्यापीठाचा राजीनामा दिला आणि आसाही शिंबून ह्या वर्तमानपत्रात नोकरी धरली. महिना 200 येन, काम म्हणजे कादंबऱ्या लिहायच्या आणि त्या पेपरात रोज थोड्या थोड्या छापायच्या. लोकांनी तोंडात बोटं घातली. मानाची खुर्ची सोडून पेपरात? सोसेकींचं म्हणणं सरळ होतं: पेपर हा धंदा असेल, तर विद्यापीठही धंदाच आहे. (मास कॉमला प्रवेश घेतला तेव्हा आमच्याकडे झालेली चर्चा मला आठवली. हा मुद्दा तेव्हा सुचायला हवा होता.)

पहिल्याच कादंबरीची, 'गुबिजिन्सो'ची, इतकी हवा झाली की मित्सुकोशी ह्या बड्या दुकानाने त्या नावाचे युकाता, म्हणजे सुती किमोनो, विकायला काढले. पुढे 'सान्शिरो', 'सोरेकारा', 'कोकोरो' सगळ्या पेपरातूनच आल्या. 'कोकोरो' तर आजही जपानी मुलांना शाळेच्या पुस्तकात भेटते. दर गुरुवारी त्यांच्या घरी तरुण लेखक जमत. शेवटच्या वर्षी त्यात आकुतागावा र्‍युनोसुके हा पोरगा होता. त्याची 'नाक' ही गोष्ट वाचून सोसेकींनी त्याला मनापासून कौतुकाचं पत्र लिहिलं, आणि पुढे सल्ला दिला तो घोड्यासारखं उधळण्याचा नाही, बैलासारखं नेटाने ढकलत राहण्याचा.

डॉक्टरेट नको म्हणजे नको

फेब्रुवारी 1911. सोसेकी पोटाच्या अल्सरने हॉस्पिटलमध्ये होते. शिक्षण मंत्रालयाने त्यांना न विचारताच डॉक्टरेट जाहीर केली. सोसेकींनी कळवलं, नको. मंत्रालय म्हणालं, दिली आहे, परत घेता येत नाही. सोसेकी म्हणाले, घेतलेलीच नाही. दोन महिने कागद इकडून तिकडे गेले. शेवटपर्यंत मंत्रालयाच्या मते ते डॉक्टर होते आणि स्वतःच्या मते नव्हते. साधा नात्सुमे म्हणून जगलो, तसाच राहीन, असा त्यांचा एकूण सूर. ज्याचं आडनाव एकदा 240 येनांना परत घेतलं गेलं होतं, त्याला आपल्या नावापुढे दुसऱ्या कुणी काही जोडलेलं कसं चालावं?

हा हट्ट वाचताना सासुगा म्हणावंसं वाटतं. पण इथेच थांबलो तर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल.

दगड कुणाच्या दातांना लागला?

हेकेखोर माणूस सरकारसमोर शोभून दिसतो. घरात त्याच्यासोबत राहणं वेगळं. क्योकोबाईंच्या आठवणी 1928 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात सोसेकींचे भयंकर रागाचे झटके आहेत, मुलांवर हात उगारणं आहे, बायकोला माहेरी जा म्हणणं आहे. थोर लेखक होते म्हणून ते माफ, असं आपण म्हणू नये. त्यांचं आजारपण खरं होतं, आणि घरच्यांची भीतीही खरी होती.

सोसेकींना ह्याची जाणीव झाली का? मला वाटतं, हळूहळू झाली. 24 ऑगस्ट 1910 ला शुझेन्जी ह्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी त्यांना रक्ताची मोठी उलटी झाली. ते वाचले. त्यांची पक्की खात्री होती, की त्या रात्री आपण एक क्षणही शुद्ध हरपलो नव्हतो. पुढे क्योकोबाईंनी सांगितलं, की तुम्ही अर्धा तास गेल्यातच जमा होता. स्वतःच्या ज्या आठवणीवर शपथ घेतली असती, तीच खोटी निघाली. ते हादरले, आणि हे सगळं त्यांनी लिहून छापलं. 1911 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची सगळ्यात धाकटी मुलगी हिनाको जेवता जेवता अचानक गेली.

नोव्हेंबर 1914 मध्ये त्यांनी तरुण विद्यार्थ्यांसमोर आपल्या व्यक्तिवादावर भाषण केलं. लंडनमध्ये सापडलेल्या जिको-होन्इची कहाणी सांगितली. पण आता त्याला एक जोड होती: स्वतःसारखं जगायचा हक्क हवा असेल, तर तोच समोरच्यालाही द्यावा लागतो. समोर बडे घराण्यांतली, पुढे सत्ता हाती येणारी मुलं बसली होती, म्हणून हे मुद्दाम.

आणि 1915 मध्ये 'मिचिकुसा' आली. हाही एक वाक्प्रचारच. मिचिकुसा म्हणजे रस्त्याकडेचं गवत. चालता चालता घोडा ते खात बसला की पोहोचायला उशीर होतो, म्हणून मिचिकुसा खाणं म्हणजे वाटेत रेंगाळणं. ह्या कादंबरीचा नायक परदेशातून परतलेला प्राध्यापक आहे. पैसे मागायला येणारा जुना दत्तक बाप आहे, आणि ज्याचं बायकोशी पटत नाही असा तो नवरा आहे. हे सोसेकींचंच घर. पण ह्यात नायकाची बाजू घेतलेली नाही. बायकोला काय वाटत असेल, हे तितक्याच न्यायाने लिहिलंय, आणि आपलंच खरं म्हणणारा तो मास्तर ठिकठिकाणी उघडा पडतो. मांजराच्या आडून स्वतःला हसणारा माणूस दहा वर्षांनी मांजर बाजूला ठेवून बोलला.

पुढच्या 'मेइआन' कादंबरीचे 188 भाग लिहून झाले आणि पोटाने पुन्हा दगा दिला. कादंबरी अर्धीच राहिली. 9 डिसेंबर 1916 ला सोसेकी गेले. वय 49. डॉक्टरेट नाकारणाऱ्या ह्या माणसाचं चित्र 1984 मध्ये जपान सरकारने हजार येनांच्या नोटेवर छापलं. आता नकार द्यायला ते नव्हते.

मग शिकलो काय?

वाक्प्रचार डिक्शनरीत एका ओळीचा असतो. सोसेकी-चिनऱ्यू: चूक मान्य न करणारा, हेकेखोर. परीक्षेत एवढं लिहिलंत तर मार्क मिळतील. पण तुम्हाला तो वापरायचा असेल, तर त्यात दोन दगड आहेत हे कळायला हवं. जग म्हणतंय म्हणून स्वतःचं वाटणं खोटं ठरवायचं नाही, हा एक दगड. त्यावर सोसेकी उभे राहिले. माझं चुकलं हे दोन शब्द तोंडातून निघू द्यायचे नाहीत, हा दुसरा. त्याने दात स्वच्छ होत नाहीत, पडतात. बहुतेकदा शेजारच्याचे. कुठला दगड कुठला, हे ओळखायला सोसेकींना अख्खं आयुष्य लागलं. पण सुरुवात त्यांनी बावीसाव्या वर्षीच केली होती, एका चुकलेल्या अक्षराबद्दल मित्राला पत्र लिहून.

मीही बावीसची आहे. हा लेख द्यायला गेले तेव्हा मी सीनियर ताईंना सांगितलं, त्या दिवशी अकारविल्हे वगैरे काही नव्हतं, मी चुकले होते. त्या म्हणाल्या, माहितीये मला, दोन्ही आडनावं 'क' वरून होती, पण तरीही तुझा क्रम चुकलाच होता.

सासुगा, ताई.